घरात कुणाला झाला होता

मितेश भोईरचा हात मितेशच्या आधी उठायचा, हे विचुंब्यात शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. कॅरमच्या सोंगटीवरून उठायचा, पार्किंगवरून उठायचा, नव्या टॉवरच्या वॉचमनने गेट उघडायला दोन मिनिटं लावली म्हणून उठायचा. माणूस मनानं चांगला, फक्त हात सुटतो, असं लोक म्हणायचे, आणि ज्याच्यावर सुटला त्यालाही दुसऱ्या दिवशी चहा पाजून तेच म्हणायला लावायचे. पण बाईमाणसावर, तेही पांढऱ्या कोटातल्या, तो सुटला तो दुसऱ्या लाटेच्या त्या मे महिन्यात, एकोणतीस तारखेला, शनिवारी, भर दुपारी साडेबाराला, पनवेलमधल्या एका मुलांच्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर. डॉक्टरीण नुसते प्रश्न विचारत होती. पोरीला ताप कधीपासून, उलट्या किती, डोळे कधी लाल झाले. मग घरात कुणाला कोविड झाला होता का, असं एकदा. मग तेच दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिने प्रश्न बदलला. म्हणाली, "मुलीची आजी तीन आठवड्यांपूर्वी गेली म्हणता. कशाने गेल्या?" आणि फाडकन आवाज झाला. फेसशील्ड उडून पाण्याच्या कूलरखाली गेलं, दोन्ही मास्क एका कानाला लोंबकळले, आणि काल संध्याकाळपासून जिचे फक्त डोळे दिसत होते त्या डॉक्टर शमा मुकादमचं अख्खं तोंड सगळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. सव्वीस-सत्तावीसची पोरगी होती. मास्कमुळे हनुवटीवर घामोळं आलेलं, आणि गालावर आता चार बोटं. आपल्या धाकट्या भावाच्या बायकोएवढीच आहे ही, असं मितेशच्या मनात आलं. ते यायला उशीर झाला होता.

हॉस्पिटलच्या रामू वॉचमनने त्याला मागून कवळ मारली. दिपिका, मितेशची बायको, बाकड्यावरून उठली आणि उठून काय करायचं ते न कळून तशीच उभी राहिली. तिच्या शेजारी मितेशचा बाप तुळशीराम आणि भाऊ निकेश बसले होते, ते बसूनच राहिले. या घरात मितेशचा हात सुटला की बाकीच्यांनी हलायचं नाही, ही वर्षानुवर्षांची सवय. डॉक्टरणीने वाकून शील्ड उचललं, मास्क नाकावर ओढले, पेन शोधलं. बोलली ती सरळ. "यांना बाहेर काढू नका. मला अजून हिस्ट्री घ्यायचीय. तक्रार मी करणार आहे, पण ती नंतर." मग तिने सगळ्यांकडे बघून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मनस्वी आठ वर्षांची आहे, पोट दगडासारखं झालंय, रक्तदाब खाली चाललाय. सर्जन चारुदत्त सर म्हणतात अपेंडिक्स फुटलंय, तीन वाजता पोट उघडतो. सरांचं चूक नाही, सोनोग्राफी तसंच दाखवते. पण डोळे लाल, अंगावर पुरळ, ओठ फुटलेले, हे अपेंडिक्सला होत नाही. घरातल्या मोठ्या माणसाला कोविड होऊन गेला की कधीकधी तो महिन्याभराने पोरांच्या अंगात असा उलटतो, थेट हृदय धरतो. तसं असेल तर भूल देतानाच हृदय थांबू शकतं. त्याला चाकू नाही, शिरेतून द्यायचं वेगळं औषध आहे आणि ते आजच लागतं. तसं नसेल आणि अपेंडिक्सच असेल, तर आज ऑपरेशन न करणं म्हणजे पोरगी हातची घालवणं. रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून उद्या येईल. "उद्यापर्यंत आपल्याकडे वेळ नाही. म्हणून परत विचारते. घरात कुणाला झाला होता का?"

"नाय," मितेश म्हणाला. वॉचमनच्या कवळीतूनच त्याने मोबाईल काढला, स्क्रीनवर बोट फिरवलं आणि तो कागद तिच्यासमोर धरला. त्याचं नाव, वय चौतीस, तारीख बावीस एप्रिल, आणि खाली ठळक अक्षरात निगेटिव्ह. त्याचा, निकेशचा, तुळशीरामचा, तिघांचे कागद एकाखाली एक होते. डॉक्टरणीने ते नीट वाचले. "आणि आजी?" "आय हार्टनं गेली," निकेश म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता, त्याला तेवढंच माहीत होतं. ती सर्जनच्या खोलीकडे गेली. मितेशच्या तळहाताला अजून मुंग्या येत होत्या.

कागदावरचं नाव त्याचं होतं. नाक त्याचं नव्हतं. जगात ही गोष्ट दोन माणसांना ठाऊक होती, आणि त्यातला दुसरा, तौसीफ, कंटेनर यार्डातला त्याचा जिगरी, मे महिन्याच्या सुरुवातीलाच कतारला निघून गेला होता. निकेशचं लग्न दोनदा पुढे गेलेलं. पहिल्या वर्षी बंदी म्हणून, मग नवरीचा आजा वारला म्हणून. तिसऱ्यांदा चोवीस एप्रिलची हळद, पंचविसाचं लग्न ठरलं, तर नवरीचा बाप, उरणचा विनायक घरत, बोटींना बर्फ पुरवणारा शिस्तीचा माणूस, म्हणाला, दिवस खराब हायेत, नवऱ्याकडच्यांनी टेस्टचे कागद दाखवा, मंगच पोरीला हळद लागंल. आणि टेस्टच्या आदल्या दिवशी मितेशच्या अंगात कसर आली. कसर कुणाला येत नाही, उन्हाळ्याचे दिवस. पण संध्याकाळी आयनं तव्यावर सुकट टाकली, घरभर सगळे खोकायला लागले, दिपिकाने खिडक्या उघडल्या, आणि मितेश चुलीशेजारी उभा राहून श्वास ओढतोय, ओढतोय, आणि काहीच नाही. भिंत हुंगावी तसं. तो मोरीत गेला, साबण हुंगला. गाडीपाशी जाऊन डिझेलच्या टाकीचं झाकण उघडून नाक आत घातलं. काहीच नाही. तेव्हा तो पहिल्यांदा घाबरला. पण अंगणात मांडव पडला होता, तीनशे माणसांचं मटण सांगितलं होतं, बेंजोवाल्याला सुपारी दिली होती, आणि मोठा भाऊ म्हणून पुढे उभं राहायला तो एकटा होता. तौसीफ हसला होता. "अरे यार, माझा गेल्या साली होऊन गेलाय, नाक एकदम पाकसाफ. तुझा आधार कार्ड दे. मास्कात कोण बघतोय थोबडा?" कामोठ्याच्या शाळेत टेबल मांडून बसलेल्या माणसाने खरंच पाहिला नाही. काडी तौसीफच्या नाकात गेली आणि मितेश भोईर निगेटिव्ह झाला.

दोन पॅरासिटामॉल घेऊन तो हळदीला उभा राहिला, आणि असा नाचला की गाव बघत राहिलं. नियम पंचवीस माणसांचा होता, पण भोईरांच्या हळदीत पंचवीस माणसं नुसती वाढायला लागतात. गंगाबाई धवलारीण घसा ताणून लग्नाचे धवले गात होती, बायका तिच्यामागून ओळ उचलत होत्या, आणि मनस्वी त्याच्या खांद्यावर बसून त्याचे केस दोन्ही मुठीत धरून ओरडत होती, पप्पा अजून, पप्पा अजून. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता आणि पोरीची हनुवटी त्याच्या कपाळावर आपटत होती. मग हौसा, त्याची आय, पाटावरून उठली आणि हळदीचं ताट घेऊन त्याच्यासमोर आली. नवरदेवाला लावून झाली होती. आता घरच्यांनी एकमेकांना फासायची. त्याने दोन्ही तळवे भरून तिच्या तोंडाला लावली, गालाला, नाकाला, ओठांना, आणि ती हसता हसता खोकली, म्हणाली, मेल्या, डोल्यात गेली. आता बाकड्याशेजारी भिंतीला टेकून उभं असताना त्याला ते तोंड दिसत होतं. नुसतं दिसत नव्हतं, हाताला लागत होतं. गालाचं हाड, सुटलेली कातडी, नाकातली मोरणी. ज्या हाताने आता डॉक्टरणीच्या गालावर बोटं उठली तोच हात. त्याने तो पँटीला पुसला. परत पुसला.

आणि आय हार्टने गेली. असं त्यानेच ठरवलं होतं. हळदीनंतर आठव्या दिवशी तिला ताप आला, अकराव्या दिवशी दम लागायला लागला. निकेश म्हणाला, दादूस, दवाखान्यात टाकूया. दिपिका म्हणाली. बाप काही म्हणाला नाही, पण चपला घालून दारात उभा राहिला. आणि मितेशने आवाज चढवला होता. दवाखान्यात नेलेली मानसं कशी परत येतात ते पायलाव ना, काल्या पिशवीत येतात, तोंडपन बघायला देत नायत, माझी आय तशी जानार नाय. हे ऐकून सगळे गप्प झाले, कारण ते खोटं नव्हतं. त्या महिन्यात गावात चार घरांतून माणसं गेली होती आणि परत पिशव्या आल्या होत्या. भीती खरी होती. फक्त मितेशच्या त्या भीतीच्या पोटात दुसरी एक भीती होती. आयला नेली की नाकात काडी घालणार, मग घरातल्या सगळ्यांच्या नाकात घालणार, मग विचारणार, आधी कुणाला झाला होता, कोण हळदीला तापात नाचला. बाराव्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली. गावच्या डॉक्टरने नाडी बघून कागदावर हृदयविकार लिहिलं. तिरडीला चारी खांदे घरचेच लागले, तोंड उघडं ठेवून नेली, बायका म्हणाल्या, हौसाबाय नशिबाची, अशी तरी गेली.

मग पायगुण निघाला. निघणारच होता. लग्नाला अकरा दिवस, आणि सासू गेली. पहिल्यांदा कोण बोललं ते कुणाला आठवत नाही. पण सुतकात चूल बंद, माणसं रिकामी, आणि अंकिता, निकेशची नवी बायको, हातावरची मेंदी पुसट झालेली, कोपऱ्यात बसून राहायची. मितेशने तो शब्द कधी उच्चारला नाही. उच्चारणाऱ्यांना अडवलंही नाही. त्याला बरंच वाटलं, हे आज हॉस्पिटलच्या भिंतीला टेकून त्याला कबूल करावं लागलं. कुणाच्या तरी डोक्यावर ते जाऊन बसलं होतं आणि ते डोकं त्याचं नव्हतं. तेराव्याला विनायक घरत आले. त्यांच्या घरात लग्नानंतर दोघं आजारी पडले होते, बायको आठ दिवस ऑक्सिजनवर होती. जेवणाची पंगत उठल्यावर ते मांडवात मितेशच्या जवळ आले आणि हळूच, खरंच हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "मितेशभाऊ, राग नका मानू. तुमच्या घरात कोनाला झाला व्हता काय?" पहिली लाल खुर्ची त्यांच्या खांद्यावर फुटली. दुसरीचा पाय तोंडावर बसला. ते खाली पडले तरी तो थांबला नाही. लाथ बरगडीत बसली की आतून जो आवाज येतो तो ऐकूनही थांबला नाही. सासऱ्याचे दोन दात मांडवाच्या मातीत पडले होते, आणि निकेश हात लोंबते सोडून उभा होता, कारण समोर दादूस होता. अंकिता आपल्या बापाला उठवून, त्याचं रक्त आपल्या ओढणीत घेऊन, त्याच दुपारी उरणला गेली. ती अजून तिकडेच होती. निकेशने रोज तिला फोन लावला आणि तिने रोज उचलला नाही.

दीड वाजला. आतून दिपिका आली. म्हणाली, "पोरगी थंड पडत्येय. पाय बर्फ झालेत." एवढंच म्हणाली आणि परत आत गेली. मितेश निघाला. डॉक्टरणीला एकटं गाठायचं आणि कानात सांगून टाकायचं, असं त्याने ठरवलं. तेवढंच तर पाहिजे होतं तिला. चार शब्द. मला झाला होता. कुणाला कळायचं कारण नाही, ती आपल्या वहीत लिहील, सर्जनला सांगेल, पोरीला औषध मिळेल, आणि निकेश, बाबा बाकड्यावर जसे बसलेत तसे बसून राहतील. ती नर्सच्या टेबलापाशी काहीतरी लिहीत होती. "मॅडम, जरा बाजूला या," तो म्हणाला, "दोन मिनिटं, प्रायव्हेट." ती दचकून दोन पावलं मागे सरली. रामू लगेच मध्ये आला. "नाही," ती म्हणाली. "तुमच्याशी मी आता एकटी बोलणार नाही. जे सांगायचं ते तुमच्या माणसांसमोर, माझ्या स्टाफसमोर सांगा. मी लिहून घेईन, तुम्ही सही कराल. तुमच्या हातचा निगेटिव्ह रिपोर्ट फाइलला लागलाय, सर कानातल्या गोष्टीवर ऑपरेशन थांबवणार नाहीत." "मॅडम, चुकलं माझं, माफ करा, पन—" "माफीचं नंतर. काही सांगायचंय का? सगळ्यांना बोलवू?" बाकड्यावरून निकेश मान उंचावून इकडे बघत होता. तुळशीरामही बघत होता. "काय नाय," तो म्हणाला. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं त्याला वाटलं. एका चापटीत तो एकच दरवाजाही त्याने बंद केला होता.

सव्वादोनला चारुदत्त सर आले. उंच, घाईतला, वाईट नसलेला माणूस. छापील कागद पुढे केला. यात लिहिलंय की धोका समजावून सांगितला, घरात कोविडचा इतिहास नाही, ऑपरेशनला संमती आहे. इथे सही. मितेशने सही केली. आपलं नाव स्वतःच्या हाताने लिहितानाही त्याला वाटलं, हे दुसरंच कुणीतरी लिहितंय. मग स्ट्रेचर आलं. मनस्वी एवढीशी दिसत होती. डोळे लालभडक, ओठ भेगाळलेले, नाकात नळी. त्याने कपाळावरून हात फिरवायला हात उचलला आणि पोरीने डोळे घट्ट मिटून मान आत घेतली. बाहेरचा आवाज तिने आत ऐकला होता. किंवा आज ऐकला असं काही नाही, घरातच शिकली असेल. त्याचा हात हवेतच राहिला. दिपिकाने तो बघितला, आणि नवऱ्याला बाजूला सारून स्ट्रेचरची दांडी धरली. चाकं लिफ्टकडे निघाली. ऑपरेशन थिएटर वरच्या मजल्यावर होतं. भूल देणारा डॉक्टर पुढे चालत होता. भूल देतानाच हृदय थांबू शकतं. मितेश स्ट्रेचरच्या मागून चालत होता आणि मोजत होता. लिफ्टपर्यंत किती फरशा. अजून आठ. अजून सहा. रिपोर्ट उद्या येईल, तोपर्यंत पोरगी असेल किंवा नसेल. नसली तर कुणी विचारणार नाही. हा विचार त्याच्या डोक्यात आला, पुरा आला, शब्दांसकट आला. नसली तर कुणी कधीच विचारणार नाही. आय गेली तेव्हाही असंच सुटलो होतो.

लिफ्टचं दार मिटत असताना त्याने त्यात हात घातला. दार हातावर आदळून उघडलं, त्याने परत घातला, स्ट्रेचरची मागची कड धरून ते बाहेर ओढलं. सलाइनचा स्टँड आडवा झाला, दिपिका किंचाळली, भूल देणारा डॉक्टर भिंतीवर आदळला. रामूची काठी त्याच्या पाठीत बसली. परत बसली. वॉर्डबॉय धावून आले. त्याला सगळ्यांनी खाली पाडला, कुणाचा गुडघा मानेवर, कुणाचा कमरेवर, आणि सगळ्यात घट्ट मिठी होती ती निकेशची. आयुष्यात पहिल्यांदा निकेश दादूसच्या अंगावर आला होता. "दादूस, वेड लागलंय तुला? पोरीला मारशील." मितेशचा गाल फरशीला चिकटला होता, फिनेलचा उग्र वास नाकात जात होता, तोंडात रक्त आलं होतं. त्याला हातपाय हलवता येत नव्हते आणि त्याच्या जिवाला एकदम हलकं वाटलं. "मना झाला व्हता," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. काठी परत बसली. तो ओरडला नाही, तोंड जरा वळवून भावाच्या कानाशी परत म्हणाला, "निक्या, मना झाला व्हता. हलदीच्या तीन दिवस आधी. तो कागद तौसीफच्या नाकाचा हाय." निकेशची मिठी सैल झाली नाही. उलट ती आवळली, एवढी की मितेशला श्वास घेता येईना, आणि मग एकदम सुटली.

"थांबवा," डॉक्टर शमा म्हणाली. ती तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसली, फाइल मांडीवर. त्याच्यापासून हातभर लांब, पण बसली. "पहिलं लक्षण कधी?" "एकवीस एप्रिल. वास गेला." "ताप?" "दोन दिवस." "मुलगी जवळ होती?" "खांद्यावर." "आजी?" सगळा मजला उभा राहून ऐकत होता. "तिला माझाच झाला. तिला मी नेली नाय." ती लिहीत होती, मान वर न करता. लिहून झाल्यावर कागद त्याच्यासमोर धरला, त्याने पालथं पडूनच सही केली. चारुदत्त सरांनी कागद वाचला, पोरीच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "वर नको. आयसीयू." स्ट्रेचर मागे फिरलं. दिपिका त्याच्यावरून ओलांडून गेली, साडी त्याच्या तोंडाला लागली, तिने खाली बघितलं नाही. मितेशने भिंतीच्या आधाराने उठून तोंड पुढे केलं. निकेश समोर होता. मार, तो मनात म्हणत होता, दोन्ही हातांनी मार, काठी घे. निकेशने त्याच्या खिशातून गाडीची चावी काढून घेतली. "मी उरणला चाल्लू," तो म्हणाला. "तू कंदी येऊ नको तिकडं." आणि जिन्याने खाली गेला.

छत्तीस तास काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाली होती. ते छत्तीस तास दिपिका आत होती आणि मितेश बाहेर. पिवळसर औषधाच्या बाटल्या आत गेल्या, रिकाम्या बाहेर आल्या. रविवारी मुंबईचा रिपोर्ट आला, डॉक्टरणीचं खरं ठरलं, ती ते सांगायला आली तेव्हाही तिने दिपिकाला सांगितलं, त्याला नाही. सोमवारी ताप उतरला. मंगळवारी सकाळी मनस्वीने डोळे उघडून पेज नको, मला मॅगी पाहिजे, असं नर्सला सांगितलं, आणि ते ऐकून दिपिका दाराशी बसून रडली. पोलिसांचा फोन आला होता. डॉक्टरणीने तक्रार दिली होती, चार वाजता हवालदार येणार होता जबाबाला घेऊन जायला. मितेश म्हणाला, मी इथेच आहे. तो खाली चहाच्या गाडीपर्यंतसुद्धा गेला नव्हता. हे चार दिवस त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं आणि कुणी बोट लावलं नव्हतं. मार खाल्लेला माणूस कसा मोकळा होतो, हे त्याने किती जणांच्या तोंडावर पाहिलं होतं. त्याला तो मार मिळत नव्हता.

तुळशीराम रोज सकाळी विचुंब्याहून रिक्षाने यायचा आणि बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. शनिवारपासून त्याने मोठ्या मुलाकडे मान वळवली नव्हती. मॅगीचं ऐकल्यावर म्हातारा हसला, टोपी काढून डोकं पुसलं, टोपी परत घातली. मग उठून चालत मितेशच्या बाजूला येऊन बसला. नात वाचेपर्यंत तो थांबला होता, हे मितेशला तेव्हा कळलं. "एक इचारू?" म्हातारा म्हणाला. मितेशने मान हलवली. "तू आयजवल बसलेलास ती शेवटची सारी रात. आमी झोपलेलू. ती काय बोलली काय? दवाखान्यात न्या, आसा काय?"

ते फक्त दोघांना ठाऊक होतं आणि त्यातली एक जळून गेली होती. तौसीफसारखा साक्षीदारही नव्हता, कागद नव्हता, काही नव्हतं. पोरगी वाचली होती, या उत्तरावर कुणाचा जीव अडकला नव्हता. नाय म्हणायला एक शब्द पुरला असता आणि म्हाताऱ्याने तो उरलेला सगळा जन्म उराशी धरला असता. मितेशला आयची बोटं मनगटावर लागली. ती ओढत नव्हती, नुसती धरून होती.

"बोलली," तो म्हणाला. "दोनदा बोलली. मना ने रं, मितू. नाय मरायचा मना."

त्याने डोळे मिटून गाल पुढे केला. हात आला नाही. म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी आतल्याच खोलीत व्हतू," तुळशीराम म्हणाला. "मना तरी उठवाचास."